जिलेटिनमधला तडा : जलभंजनाची दीडशे वर्षे

(धागा लांब आहे. वाटेत एक यादवी युद्ध, एक अणुस्फोट आणि गवारीची शेंगही येते. तेव्हा सवडीने वाचावा.)

१९५६च्या मार्च महिन्यात टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे तेल-अभियंत्यांच्या सभेपुढे मेरियन किंग हबर्ट या भूभौतिकशास्त्रज्ञाने एक आलेख मांडला. घंटेच्या आकाराचा. अमेरिकेचे तेल-उत्पादन १९७०च्या आसपास शिखर गाठील आणि त्यानंतर उतरणीला लागेल, असे तो आलेख सांगत होता. हबर्ट स्वतः शेल या तेल कंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला होते, म्हणजे घरच्याच माणसाने घराचा ऱ्हास वर्तवला होता. उद्योगातील अनेकांनी तो हसण्यावारी नेला. १९७० साली उत्पादन खरोखरच शिखरावर पोचले, घसरू लागले, आणि हबर्ट यांचे नाव द्रष्ट्यांच्या यादीत गेले.

त्या भाकितानंतर वर्षभरातच, १९५७ साली, त्यांनी डेव्हिड विलिस या सहकाऱ्याबरोबर दुसरा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग स्वयंपाकघरात करावा इतका साधा होता. पारदर्शक जिलेटिन घ्यायचे, ते बाजूंनी आवळायचे, आत खुपसलेल्या नळीतून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लगदा दाबाने सोडायचा. जिलेटिन आतून फाटते, लगदा त्या फटीत शिरून घट्ट होतो, आणि तड्याचा साचा हातात येतो. हबर्ट यांना एवढेच पाहायचे होते की तडा कोणत्या दिशेने जातो.

पहिल्या निबंधाने त्यांना कीर्ती दिली. दुसऱ्या निबंधाने, ते हयात नसताना, पहिल्याचे भाकीत मोडणाऱ्या तंत्राला दिशा दिली. फ्रॅकिंगचा इतिहास सहसा टेक्सासमधल्या एका हट्टी उद्योगपतीची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खोटी नाही, अपुरी आहे. कारण हा इतिहास दोन जुन्या कल्पनांचा आहे. एक खडक फोडण्याची, दुसरी विहीर आडवी नेण्याची. दोन्ही अनेक दशके एकमेकींना न भेटता चालत राहिल्या, आणि त्यांना जोडणारा दुवा त्या जिलेटिनच्या गोळ्यात पडून होता.

पहिली कल्पना रणांगणावर जन्मली. डिसेंबर १८६२, अमेरिकन यादवी युद्ध, व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गची लढाई. उत्तरेच्या सैन्यातील एडवर्ड रॉबर्ट्स या अधिकाऱ्याने तोफगोळे पाण्याच्या एका चरात पडून फुटताना पाहिले. उघड्यावर फुटणाऱ्या गोळ्याचा जोर चहूकडे उधळतो. इथे मात्र पाण्याच्या वजनाने तो दाबून धरला होता आणि त्याचा मारा बाजूंना बसत होता. लढाईत हे पाहून बहुतेकांनी डोके खाली घातले असते. रॉबर्ट्स यांच्या मनात ते दृश्य राहिले.

तीनच वर्षांपूर्वी, १८५९ साली, पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांची सुप्रसिद्ध तेलविहीर लागली होती. तेव्हापासून त्या खोऱ्यात विहिरींचे पेव फुटले होते, आणि त्यातल्या कित्येक मेणाने व गाळाने तुंबून लवकरच आटत होत्या. जानेवारी १८६५ मध्ये रॉबर्ट्स यांनी तिथल्या एका विहिरीत दारू भरलेले नळकांडे सोडले, वरून पाणी भरले आणि ते उडवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना पेटंट मिळाले. या यंत्राला त्यांनी ‘टॉर्पेडो’ म्हटले. स्फोटाचे श्रेय त्यांना नेहमीच दिले जाते, पण त्यांची खरी सूझ स्फोटात नव्हती, वरून भरलेल्या पाण्यात होती. जोर वर वाया जाऊ न देता खडकात वळवायचा, हा विचार पुढच्या सर्व तंत्रांच्या तळाशी आहे.

पुढे दारूच्या जागी नायट्रोग्लिसरीन आले. रॉबर्ट्स एका टॉर्पेडोसाठी शंभर ते दोनशे डॉलर घेत, शिवाय वाढलेल्या तेलाचा पंधरावा हिस्सा. हा दर अनेक विहीरमालकांना खंडणीसारखा वाटे. साहजिकच चोरटे टॉर्पेडोवाले निघाले. ते रात्रीच्या अंधारात येत, नायट्रोग्लिसरीन ओतत आणि पहाटेपूर्वी पसार होत. त्यांना ‘मूनलायटर’ म्हणत. (नोकरी सांभाळून रात्री दुसरे काम करणाऱ्या आजच्या संगणक-अभियंत्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल, मात्र त्यांच्या खिशात नायट्रोग्लिसरीनची बाटली नसते.) रॉबर्ट्स यांनी त्यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले आणि खटल्यांवर अफाट पैसा ओतला. जमिनीखालच्या भेगेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या तंत्राइतकाच जुना आहे.

१९३२ साली मिशिगनमध्ये डाऊ केमिकल या कंपनीने चुनखडकातल्या विहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले. आम्ल चुनखडक विरघळवते, हे अपेक्षितच होते. पण अशा कामांत एक वेगळी गोष्ट लक्षात येऊ लागली. दाब एका मर्यादेपर्यंत चढे, आणि मग आत काहीतरी ‘सुटल्या’सारखे होऊन खडक एकाएकी भराभर द्रव पिऊ लागे. खडक विरघळत होताच, पण तो दाबाने उकलतही होता.

हे नीट ओळखले स्टॅनोलिंड कंपनीतील फ्लॉइड फॅरिस यांनी. विहिरींच्या दाबाच्या नोंदी तपासताना त्यांना दिसले की आम्ल असो, पाणी असो वा सिमेंट, पुरेसा दाब दिला की खडक चिरतो. मग स्फोट कशाला आणि आम्ल तरी कशाला? १९४७ साली कॅन्ससमधील ह्यूगटन वायुक्षेत्रात क्लेपर क्रमांक १ या विहिरीवर पहिला जाणीवपूर्वक प्रयोग झाला. सुमारे २,४०० फूट खोलीवरच्या चुनखडकात हजार गॅलन घट्ट केलेले गॅसोलीन दाबून भरले. घट्ट करण्यासाठी वापरले नापाम, म्हणजे महायुद्धात शहरे जाळण्यासाठी बनवलेले तेच रसायन. रॉबर्ट्स यांना तोफगोळ्यातून सुचले, फॅरिस यांच्या हाती नापाम आले. या तंत्राचे पाळण्यातले दिवस युद्धाच्या भांडारातच गेले.

आणि हा पहिला प्रयोग फसला. विहिरीचे उत्पादन लक्षात येण्याइतके वाढले नाही. इतिहासात ‘पहिला’ म्हणून ज्याचा मान आहे तो बहुधा फसलेला असतो, पण त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

स्टॅनोलिंडने प्रयोग सोडला नाही. पेटंट मिळाले, परवाना हॅलिबर्टनला दिला, आणि १७ मार्च १९४९ रोजी ओक्लाहोमातील स्टीफन्स परगण्यात आणि टेक्सासमधील आर्चर परगण्यात एकाच दिवशी पहिली दोन व्यावसायिक कामे झाली. खर्च प्रत्येकी सुमारे हजार डॉलर. पहिल्या वर्षात ३३२ विहिरींवर हे तंत्र वापरले गेले आणि उत्पादन सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले. द्रवाबरोबर आत वाळूही जाई. दाब काढला की खडक पुन्हा मिटू पाहतो; वाळूचे कण पाचरीसारखे अडकून भेग उघडी ठेवतात. त्या काळी एका विहिरीला शंभर-दीडशे पौंड वाळू पुरे. आज एका लांब आडव्या विहिरीत कित्येक हजार टन जाते. १९५३च्या सुमारास द्रव म्हणून साधे पाणीही वापरात आले.

महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांना हे तंत्र वेगळ्या रूपात माहीत आहे. बेसॉल्टच्या कठीण खडकात आटलेल्या विंधन विहिरीत दाबाने पाणी सोडून भेगा मोकळ्या करतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याला ‘जलभंजन’ म्हणते, आणि या धाग्यातला शब्द तिथूनच घेतला आहे. त्याच यंत्रणेच्या उपायांत विंधन विहिरीत स्फोट घडवण्याचे तंत्रही आहे. रॉबर्ट्स आणि फॅरिस दोघेही असे पाण्याच्या शोधात मराठवाड्यापर्यंत पोचले आहेत. तेलासाठी होणाऱ्या भंजनाच्या मानाने हे काम अगदी लहान, उथळ आणि रसायनांविना चालणारे. तत्त्व मात्र तेच.

आता हबर्ट यांच्याकडे परत येऊ. १९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत महिन्याला तीन हजारांवर विहिरी अशा भंजल्या जात होत्या, आणि खाली नेमके काय घडते ते कोणी पाहिले नव्हते. बऱ्याच अभियंत्यांची समजूत अशी की दाबामुळे खडकाचे थर एकमेकांपासून सुटतात, वरचा डोंगर किंचित उचलला जातो आणि विहिरीभोवती धिरड्यासारखी आडवी, गोल फट पसरते. हबर्ट आणि विलिस यांनी गणिताने आणि जिलेटिनने दाखवले की तसे सहसा होत नाही. तडा नेहमी सर्वांत कमी विरोधाच्या दिशेने उघडतो. खोल जमिनीत सर्वांत मोठा भार वरून, डोंगराच्या वजनाचा असतो. बाजूंचा दाब त्याहून कमी असतो, आणि बाजूंच्या दाबांतही एक दिशा सर्वांत दुबळी असते. म्हणून तडा त्या दुबळ्या दिशेला उघडतो आणि स्वतः उभा राहतो, भिंतीसारखा.

याचा अर्थ त्या वेळी कोणी पुरता ओळखला नाही. उभ्या विहिरीत उभा तडा पाडला तर दोन पंख असलेली एकच भिंत मिळते, आणि तिला विहीर फक्त एका रेषेत स्पर्श करते. पण समजा, विहीरच आडवी वळवली आणि नेमकी त्या दुबळ्या दिशेने नेली, तर प्रत्येक तडा तिला काटकोनात छेदेल. मग एका विहिरीवर एक नव्हे, दहा, वीस, पन्नास तडे एकामागे एक पाडता येतील, पावाच्या लादीच्या चकत्या कापाव्यात तसे. आजच्या शेल-विहिरीची संपूर्ण रचना एवढ्यात आली. १९५७ साली ती कागदावर काढता आली असती. विहीर आडवी नेणारे लोक मात्र दुसऱ्याच खोलीत बसले होते.

टेक्सासमधील टेक्सन येथे १९२९ साली आडव्या विहिरीची नोंद सापडते. १९५३ साली सोव्हिएत संघात बाश्किरियामध्ये अलेक्सांद्र ग्रिगोर्यान यांनी एका विहिरीला झाडाच्या मुळांसारख्या नऊ शाखा फोडल्या. विहीर दीडपट महाग पडली आणि उत्पादन सतरापट झाले. तरीही ही कल्पना मागे पडली, कारण खडक फोडणे स्वस्त झाले होते आणि वळण घेणारी विहीर खोदणे फारच कष्टाचे होते. हजारो फूट खाली आपले टोक कुठे आहे, हेच खोदणाऱ्याला कळत नसे. ते कळू लागले १९८०च्या दशकात. छिद्रकाच्या मागेच बसवलेली मोजमापाची साधने खोदकाम चालू असतानाच दिशा वर कळवू लागली, आणि गाळाच्या दाबावर फिरणारी मोटर सगळा नळ न फिरवता टोक वळवू लागली. फ्रान्सच्या एल्फ कंपनीने लाक येथे आणि नंतर इटलीच्या किनाऱ्याजवळ रोस्पो मारे येथे दाखवून दिले की आडवी विहीर व्यापारी दृष्ट्याही परवडते.

दोन्ही प्रवाह वेगळे वाहत असताना मधल्या काळात एक वेडाचार घडला, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १० डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकी सरकारने न्यू मेक्सिकोत, ४,२४० फूट खोल, २९ किलोटन क्षमतेचा अणुबाँब उडवला. युद्धासाठी नव्हे, वायू काढण्यासाठी. या प्रकल्पाचे नाव ‘गॅसबगी’. रॉबर्ट्स यांच्या टॉर्पेडोचाच हा महाकाय वंशज. वायू निघाला, पण किरणोत्सारी. तो कोणाच्या चुलीला जोडणार? तरीही १९६९ आणि १९७३ साली कोलोरॅडोत आणखी दोन वेळा तसेच करून पाहण्यात आले, आणि मग हा मार्ग सोडून देण्यात आला. आज हे हास्यास्पद वाटते. पण त्यामागची निकड खरी होती. वायू आहे हे ठाऊक आहे, खडक तो सोडत नाही, आणि हबर्ट यांचा आलेख उताराकडे झुकला आहे.

तो खडक म्हणजे शेल, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरच्या चिखलाचे दाबून झालेले पापुद्रे. वालुकाश्मात छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तेल वाहते. शेलमध्ये छिद्रे असतात, त्यांत वायूही असतो, पण छिद्राला छिद्र जोडलेले नसते. दारे नसलेल्या खोल्यांची इमारतच ती.

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकी सरकारने या इमारतीकडे लक्ष वळवले. १९७६ साली पूर्वेकडील शेल-वायूवर सरकारी संशोधन प्रकल्प सुरू झाला. १९८० साली अशा अवघड वायूला करसवलत मिळाली. १९८६ साली वेस्ट व्हर्जिनियातील वेन परगण्यात ऊर्जा विभागाच्या सहभागातून शेलमध्ये आडवी विहीर खोदून तिच्यावर टप्प्याटप्प्याने भंजन करून पाहण्यात आले. म्हणजे दोन्ही कल्पना प्रथम एकत्र आल्या त्या बऱ्याच अंशी करदात्याच्या पैशाने. ‘मुक्त बाजाराचा चमत्कार’ म्हणून हा इतिहास सांगणारे या दशकावरून उडी मारून पुढे जातात. ती उडी प्रामाणिक नाही.

मग तो हट्टी उद्योगपती. जॉर्ज मिचेल हे ग्रीसमधून अमेरिकेत आलेल्या एका मेंढपाळाचे पुत्र. त्यांच्या कंपनीवर शिकागोला वायू पुरवण्याच्या दीर्घ कराराचे ओझे होते आणि जुनी क्षेत्रे आटत चालली होती. १९८१ साली त्यांनी टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर खोदली आणि पुढची सुमारे सतरा वर्षे तिथे पैसा ओतला. त्यांचे अभियंते प्रचलित समजुतीप्रमाणे घट्ट जेल वापरत होते. जेल दाट, म्हणून वाळू तरंगत आत जाते, असा हिशेब. पण जेल महाग, आणि खडकात त्याचा चिकटा मागे राहून नुकत्याच उघडलेल्या वाटाच बुजत.

पुढची कलाटणी एका बिघाडाने दिली. कंपनीतील निक स्टाइन्सबर्गर या तरुण अभियंत्याच्या लक्षात आले की एका विहिरीवर जेल नीट घट्टच झाले नव्हते, जवळजवळ पाणीच आत गेले होते, आणि विहीर तरीही बरी चालली. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीतील अभियंते पूर्व टेक्सासच्या वालुकाश्मात पाण्याने भंजन करत असल्याचे त्याला कळले. वालुकाश्मात चालते ते शेलमध्येही चालेल, हे मानायला वरिष्ठ तयार नव्हते. शेल म्हणजे शेवटी चिखल. पाणी लागले की फुगणार आणि वाटा बंद करणार, असा आक्षेप होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. सुरुवातीच्या विहिरींनी तो खोटाही पाडला नाही. १९९८च्या जूनमध्ये एस. एच. ग्रिफिन क्रमांक ४ या विहिरीत घर्षण कमी करणारे थोडे रसायन घातलेले पाणी वेगाने दाबून भरले. दर आठवड्याला अशा विहिरींचा जोर ओसरत जाई. हिचा ओसरला नाही.

पातळ पाणी का जिंकले? जेल एक रुंद भेग पाडते. पाणी मात्र खडकातल्या आधीच्या, केसाएवढ्या बारीक चिरांत शिरते आणि त्या उकलत जाते. एका भिंतीऐवजी जाळे तयार होते. रॉबर्ट्स यांना पाण्याचे वजन हवे होते; स्टाइन्सबर्गर यांना त्याचे पातळपण उपयोगी पडले.

तरीही या विहिरी उभ्याच होत्या. मिचेल यांनी २००२ साली कंपनी डेव्हन एनर्जीला सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना विकली. डेव्हनला आडव्या विहिरींचा सराव होता, आणि तिच्यासमोर एक भूशास्त्रीय अडचण होती. बार्नेटच्या खाली पाण्याने भरलेला एलेनबर्गर चुनखडक आहे. तडा खाली उतरून त्यात घुसला की विहिरीत वायूऐवजी खारे पाणी येते. काही भागात मध्ये दुसऱ्या चुनखडकाची ढाल होती. बाकीचा प्रदेश उघडा. आडव्या विहिरीने शेलच्या पोटातूनच जाऊन लहान लहान तडे पाडायचे, म्हणजे एकही फार खोल उतरायला नको, हा त्यावर तोडगा. इथे, पंचेचाळीस वर्षांनी, जिलेटिनचा प्रयोग कामी आला. दुबळ्या दाबाची दिशा शोधा, विहीर तिकडे न्या, तडे काटकोनात पाडा.

आजची पद्धत साधारण अशी. विहीर सरळ खाली जाते, मोठे वळण घेते आणि आडवी होते. आता हा आडवा भाग पुष्कळदा दहा हजार फूट, म्हणजे तीन किलोमीटर लांब असतो. केसिंग बसवून सिमेंट भरतात. मग दूरच्या टोकापासून सुरुवात होते. केसिंगला छोट्या स्फोटांनी भोके पाडायची (रॉबर्ट्स इथेही भेटतात), पाणी आणि वाळू दाबाने भरायची, त्या टप्प्यामागे बूच मारायचे, थोडे अलीकडे यायचे, पुन्हा तेच. चाळीस-पन्नास टप्पे सर्रास होतात. शेवटी सगळी बुचे फोडून वाट मोकळी करतात. शेजारच्या विहिरींत बसवलेली संवेदनशील यंत्रे खडक चिरकताना होणारे सूक्ष्म कंप टिपतात. हबर्ट यांना जिलेटिनमध्ये दिसले ते आता हजारो फुटांवरून ऐकू येते.

नॉर्थ डकोटातील बाकन आणि टेक्सासमधील ईगल फोर्ड इथे वायूऐवजी तेल काढायला सुरुवात झाली तेव्हा जेल परत आले. तेलाचे रेणू मोठे. त्यांना वाळूने नीट भरलेली रुंद वाट लागते. हे जेल बनते गवारीच्या बियांपासून. भाजीतली तीच गवार. जगातील बहुतांश गवार भारतात, मुख्यतः राजस्थान आणि हरियाणात पिकते. बी दळून काढलेला गवार गम थोडासा पाण्यात टाकला की पाणी दाट होते, आणि बोरेट घातले की जेलीसारखे. पूर्वी त्याचे गिऱ्हाईक आइस्क्रीम, कागद, कापड.

२०११-१२ साली अमेरिकेतून मागणी इतकी उसळली की काही महिन्यांत भाव अनेक पटींनी चढले. बिकानेर-गंगानगरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कधी न पाहिलेला पैसा आला. सट्टा इतका पेटला की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजार आयोगाने गवारीचे वायदे बंद केले. ते वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. २०१२-१३ साली भारताने सुमारे २१ हजार कोटी रुपयांचा गवार गम निर्यात केला. मग अमेरिकी कंपन्यांनी साठे केले, पर्याय शोधले, पातळ पाण्याकडे पुन्हा वळल्या, तेलाचे भाव कोसळले, आणि चढ्या भावाकडे पाहून पेरा वाढवलेल्या शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव आला. मिचेल यांचे पुतळे होतील. या कथेत त्या शेतकऱ्याला तळटीपही मिळत नाही, जरी अर्ध्या बाकनमध्ये त्याची गवार मुरली आहे.

२००८ साली अमेरिकेचे कच्च्या तेलाचे उत्पादन दिवसाला सुमारे ५० लाख बॅरलपर्यंत खाली आले होते. २०१८ साली ते १ कोटी बॅरलच्या पुढे गेले आणि १९७०चे शिखर मागे पडले. हबर्ट १९८९ साली वारले होते. त्यांचा आलेख मोडला असे म्हणतात. पण त्यांच्या हिशेबात शेल नव्हताच, हेही म्हणायला हवे.

किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवली गेली. २००५च्या कायद्याने भंजनाच्या बहुतेक द्रवांना पिण्याच्या पाण्याच्या संरक्षक कायद्यातून वगळले. ओक्लाहोमात तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडल्याने भूकंप वाढले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा झाला. इथे दोष भंजनाचा नसून त्या सांडपाण्याचा होता, असा बचाव केला जातो. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि घराची चिमणी कोसळलेल्या माणसाला निरुपयोगी आहे. फ्रान्सने २०११ साली या तंत्रावर बंदी घातली. आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, २०१२ साली, खुद्द मिचेल यांनी मायकल ब्लूमबर्ग यांच्यासह लेख लिहून कडक नियमांची मागणी केली. त्यांच्या चरित्रातला हा भाग त्यांचे चाहते क्वचितच सांगतात.

२००४ नंतर हे तंत्र पेनसिल्व्हेनियाच्या मार्सेलस शेलमध्ये पोचले, म्हणजे टायटसव्हिलच्या राज्यात परतले. तिथे ड्रेक आणि रॉबर्ट्स यांच्या काळापासून खोदून टाकून दिलेल्या विहिरी आहेत. कित्येक कधी बुजवल्याच गेल्या नाहीत. कित्येकांची नोंदही नाही, कारण त्या काळी परवाना लागत नसे. केसिंग उपटून भंगारात विकलेले, तोंडावर लाकडाचा ओंडका ठोकलेला, वर आता जंगल किंवा कोणाचे परसदार.

जून २०१२ मध्ये त्या राज्यातील टायोगा परगण्यात नव्या आडव्या विहिरींवर काम चालू असताना जवळच्या जमिनीतून पाणी आणि मिथेनचे सुमारे तीस फूट उंच कारंजे उसळले. आसपासच्या रहिवाशांना घरे सोडायला सांगावे लागले. शोध घेता वायूची वाट सापडली ती १९३२ साली खोदलेल्या, सोडून दिलेल्या विहिरीतून. नव्या खोदकामाच्या दाबाला वर यायला जुना रस्ता मिळाला होता.

तेव्हापासून त्या राज्यात नवे भंजन करण्यापूर्वी आसपासच्या जुन्या विहिरी शोधण्याला महत्त्व आले. त्यासाठी चुंबकीय मापन होते, विमानातून पाहणी होते. आणि काही माणसे अभिलेखागारात बसून एकोणिसाव्या शतकातले शेतांचे नकाशे, भाडेपट्टे आणि पिवळी पडलेली छायाचित्रे चाळतात. एखाद्या छायाचित्रात टेकडीच्या उतारावर लाकडी मनोरे दिसतात. ते एकेक मोजायचे, आणि त्यांच्या जागा आजच्या नकाशावर ठिपके देऊन दाखवायच्या.